ग्राफिक्स कार्डाचे वायुशीतन

संगणकाच्या पडद्यावरील चित्रे निर्माण करणाऱ्या व अलीकडे समांतर गणनासाठीही मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या ग्राफिक्स कार्डात उत्पन्न होणारी उष्णता, पाण्याच्या नळ्या, पंप व रेडिएटर यांचे साहाय्य न घेता केवळ हवेच्या द्वारे बाहेर काढण्याच्या क्रियेस ग्राफिक्स कार्डाचे वायुशीतन म्हणतात. निर्मात्याने ठरवून दिलेल्या कंप्रतेपेक्षा (दर सेकंदास होणाऱ्या स्पंदांच्या संख्येपेक्षा) अधिक कंप्रतेने कार्ड चालविण्यास व्यवहारात ओव्हरक्लॉकिंग असे म्हणतात. अशा कार्डाच्या बाबतीत वायुशीतनाचा प्रश्न विशेष बिकट होतो. कारण कंप्रतेतील थोड्याशा वाढीसाठी उष्णतेत त्याहून कितीतरी अधिक वाढ पतकरावी लागते. थंड प्रदेशांत या प्रश्नाचा विचार मुख्यतः पंखे व धातूचे पंख यांच्यापुरता केला जातो. विदर्भासारख्या उष्ण प्रदेशात मात्र कार्ड ज्या खोलीत ठेवले आहे, त्या खोलीतील हवेचे तापमान हाच निर्णायक घटक ठरतो.

ऐतिहासिक आढावा : १९९० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धातील बहुतेक कार्डांना पंख्याची गरज भासत नसे. चिपेवर बसविलेला धातूचा लहानसा तुकडा पुरेसा होई व पुष्कळदा तोही नसे. चिपेतील ट्रँझिस्टरांची संख्या व कंप्रता वाढत गेल्यावर ही स्थिती पालटली. एनव्हिडिया कंपनीने १९९९ साली ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड बाजारात आणले व त्यातील चिपेस ‘जीपीयू’ ही संज्ञा दिली. याच कंपनीच्या २००३ मधील ‘जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा’ या कार्डाचा पंखा इतका कर्कश होता की, तो थट्टेचा विषय झाला. पुढील काळात शक्तीचे आकडे झपाट्याने वाढले. ‘जीटीएक्स ४८०’ (२०१०) या कार्डाची निर्धारित शक्ती २५० वॉट होती, ‘आरटीएक्स ३०९०’ (२०२०) या कार्डाची ३५० वॉट, ‘आरटीएक्स ४०९०’ (२०२२) या कार्डाची ४५० वॉट, तर ‘आरटीएक्स ५०९०’ (२०२५) या कार्डाची ५७५ वॉट आहे. एएमडी कंपनीच्या ‘रेडिऑन आर९ २९५एक्स२’ (२०१४) या दोन चिपांच्या ५०० वॉटच्या कार्डाला कारखान्यातच द्रवशीतन जोडलेले होते. परंतु त्यानंतर ‘आरटीएक्स ५०९०’ सारखे त्याहून अधिक शक्तीचे कार्डही निर्मात्याने वायुशीतनावर चालविले. यावरून वायुशीतनाच्या तंत्रात झालेली प्रगती लक्षात येते.

उष्णतेची उत्पत्ती : ट्रँझिस्टर चालू-बंद होताना खर्च होणारी शक्ती ही कंप्रतेच्या सम प्रमाणात व विद्युत् दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते. कंप्रता वाढविली की, चिपेतील क्रिया अचूक घडण्यासाठी बहुधा विद्युत् दाबही वाढवावा लागतो. दोन्ही राशी प्रत्येकी ५ टक्क्यांनी वाढविल्यास शक्ती सु. १६ टक्क्यांनी वाढते व प्रत्येकी ८ टक्क्यांनी वाढविल्यास ती सु. २६ टक्क्यांनी वाढते. ही सर्व शक्ती अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. शिवाय बंद अवस्थेतील ट्रँझिस्टरांतूनही थोडा विद्युत् प्रवाह झिरपतच असतो आणि तापमानाबरोबर हा प्रवाह वाढतो. त्यामुळे चिप तापली की, ती अधिक शक्ती खाते व अधिक शक्ती खाल्ली की, आणखी तापते.

या उष्णतेची घनता फार मोठी असते. ‘आरटीएक्स ४०९०’ मधील चिपेचे क्षेत्रफळ सु. ६०८ चौ. मिमी. आहे. म्हणजे पूर्ण भार असताना दर चौ. सेंमी.मागे ७० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर पडते. घरगुती विद्युत् इस्त्रीच्या तळाशी तुलना केल्यास हे प्रमाण दहा पटींहून अधिक भरते.

शीतनाची यंत्रणा : चिपेपासून खोलीतील हवेपर्यंत उष्णतेचा प्रवास अनेक टप्प्यांनी होतो. चिप व तिच्यावर दाबून बसविलेला तांब्याचा तळ यांचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यांतील हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक असल्याने (तांब्याची ऊष्मीय संवाहकता हवेच्या सु. १५,००० पट आहे) त्या पोकळ्या ऊष्मीय लेपाने भराव्या लागतात. काही वर्षांच्या वापरानंतर हा लेप कोरडा पडतो किंवा वारंवार तापण्या-निवण्यामुळे कडेस सरकतो. चिपेचे सरासरी तापमान व तिच्यातील सर्वांत उष्ण बिंदूचे तापमान यांतील फरक पूर्वीपेक्षा बराच वाढलेला दिसला, तर लेप बदलण्याची वेळ झाली, असे समजतात. लेपाऐवजी गॅलियमयुक्त द्रवधातूही वापरतात. तो ॲल्युमिनियमाचा नाश करतो व विद्युत् संवाहक असल्याने सांडल्यास मंडल बिघडवतो. म्हणून ॲल्युमिनियमाच्या तळावर तो कधीही वापरू नये. स्मृती-चिपा व विद्युत् दाब नियंत्रित करणारे घटक यांची उष्णता मऊ ऊष्मीय गाद्यांतून धातूकडे जाते. या गाद्या बदलताना मूळची जाडी कायम ठेवावी लागते. जाड गादीमुळे मुख्य चिपेवरील दाब कमी होतो, तर पातळ गादी घटकाला टेकतच नाही.

तळापासून पंखांपर्यंत उष्णता नेण्याचे काम उष्णता नलिका करते. ही दोन्ही टोकांना बंद केलेली, हवा काढून टाकलेली व किंचित पाणी घातलेली तांब्याची नळी असते. तप्त टोकाशी पाण्याची वाफ होते, थंड टोकाशी ती पुन्हा द्रवरूप होते व नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून केशाकर्षणाने पाणी परत येते. या तऱ्हेच्या साधनाचे एकस्व अमेरिकेतील आर. एस. गॉगलर यांना १९४४ मध्ये मिळाले. जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये लॉस ॲलॅमॉस येथे स्वतंत्रपणे ते विकसित केले व त्यानंतर त्याचा प्रसार झाला. चपट्या पेटीच्या रूपातील अशाच साधनास बाष्पकोठी म्हणतात. नलिकेत व कोठीत पाणी असले, तरी ते कायमचे बंदिस्त असते व त्याला पंप लागत नाही. म्हणून या रचनेची गणना वायुशीतनातच होते. आतील पाण्याचे प्रमाण नेमके असणे किती महत्त्वाचे आहे, हे एएमडीच्या ‘रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स’ या कार्डाच्या काही नगांवरून दिसून आले. डिसेंबर २०२२ मध्ये विक्रीस आलेल्या या नगांतील चिपेचे उष्णतम बिंदूचे तापमान ११०° से.पर्यंत चढून गती आपोआप घटत असे. बाष्पकोठीत पाणी अपुरे असल्याचे कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केले.

शेवटचा टप्पा पंखांकडून हवेकडे जाण्याचा होय. धातूपासून वाहत्या हवेस उष्णता सावकाश मिळते, म्हणून पृष्ठफळ वाढवावे लागते. पंख्याच्या झोतात दर चौ. मी.मागे व दर अंशामागे ४० वॉट उष्णता जाते असे धरल्यास ३५० वॉट उष्णता ३५ अंशांच्या फरकाने काढून टाकण्यास निदान पाव चौ. मी. पृष्ठफळ लागते. याच कारणाने शक्तिमान कार्डे आकाराने मोठी, जाड व वजनदार झालेली आहेत.

पंख्यांचे दोन मुख्य प्रकार आढळतात. खुल्या प्रकारात दोन किंवा तीन पंखे पंखांवर हवा फेकतात व तप्त हवा संगणकाच्या पेटीतच सोडतात. दुसऱ्या प्रकारात केंद्रोत्सारी पंखा हवा कार्डाच्या लांबीभर ढकलून पेटीच्या मागून बाहेर काढतो. पहिला प्रकार अधिक कार्यक्षम व शांत असतो, परंतु पेटीचे वायुवीजन चांगले असेल तरच त्याचा लाभ मिळतो. पंख्याची गती वाढविल्यास हवेचा प्रवाह गतीच्या सम प्रमाणात वाढतो, तर पंख्यास लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गती दुप्पट केल्यास आवाज सु. १५ डेसिबेलांनी चढतो. त्यामुळे केवळ पंखे वेगाने फिरवून शीतन साधण्यास लवकरच मर्यादा पडते.

वायुशीतनाची मर्यादा : वर सांगितलेल्या सर्व टप्प्यांचा एकत्रित अडथळा ‘दर वॉटमागे किती अंश’ या एकाच आकड्याने दाखविता येतो. तो ज्ञात असला की, चिपेचे तापमान म्हणजे पेटीतील हवेचे तापमान अधिक शक्ती व हा आकडा यांचा गुणाकार, असा सोपा हिशेब मांडता येतो. उदा., ३०० वॉट शक्तीस चिप भोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांनी अधिक तापत असेल, तर प्रत्येक वॉटमागे सु. ०·१३ अंश पडतो. पेटीतील हवा खोलीतील हवेपेक्षा ८ अंशांनी गरम राहते असे मानू. जानेवारीत खोलीचे तापमान २२° से. असता चिपेचे तापमान ७०° से. राहील. शक्ती १६ टक्क्यांनी वाढविल्यास ते सु. ७६° से. होईल व तेही सुरक्षित आहे. मात्र मे महिन्यात त्याच खोलीतील तापमान ४४° से. झाल्यास तेच कार्ड त्याच पंख्यांसह सु. ९८° से.पर्यंत पोहोचेल. अनेक कार्डांची कमाल मर्यादा ९०° से.च्या आसपास असल्याने त्याआधीच चिप स्वतःची गती कमी करते. म्हणजे वाढविलेली कंप्रता उन्हाळ्यात नावापुरतीच उरते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाण्याने शीतन केल्यास खोलीच्या उष्णतेपासून सुटका होते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः पाणी हे केवळ उष्णतेचे वाहक असते व रेडिएटरमध्ये तेही आपली उष्णता खोलीतील हवेलाच देते. त्यामुळे अशा संचातील पाणी खोलीच्या हवेहून थंड होऊ शकत नाही. पृष्ठफळ मोठे मिळत असल्याने चिप काही अंशांनी थंड राहते, इतकाच त्याचा फायदा असतो. दाटीवाटीने मांडलेल्या मोठ्या यंत्रांत द्रवशीतन अपरिहार्य ठरते. उदा., २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात द्रवशीतनाचा अवलंब केलेला आहे. एका कार्डाच्या घरगुती संगणकास मात्र वायुशीतन पुरेसे होते. पंप बंद पडणे, गळती होणे हे धोकेही त्यात नसतात.

विदर्भातील परिस्थिती : नागपूर–वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) (जि. वर्धा) यांसारख्या गावी वरील हिशेब प्रत्यक्ष अडचणीचा होतो. या पट्ट्यात मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ४२° से.च्या वर असते. जवळच्या नागपूर येथे मे २०१३ मध्ये ४७·९° से. तापमानाची नोंद झालेली आहे. टिनाच्या छपराखालील किंवा वरच्या मजल्यावरील खोली संध्याकाळी बाहेरच्या हवेपेक्षाही गरम राहते. लग्नाच्या चित्रफितींचे संपादन, वास्तुरचनेची चित्रे किंवा विद्यार्थ्यांचे गणनप्रयोग यांसाठी घेतलेले महागडे कार्ड अशा खोलीत दिवसभर चालविले जाते. नेमक्या त्याच ऋतूत लग्नसराई असल्याने काम थांबविताही येत नाही.

या भागात उन्हाळ्याच्या उकाड्यावर वाळ्याच्या ताट्या व त्यांच्या जागी आलेला कूलर हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय आहे. कोरडी हवा ओल्या जाळीतून ओढली की, पाण्याचे बाष्पीभवन होऊन तिची उष्णता शोषली जाते. हवा याप्रमाणे जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते, त्यास ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. हवा ४४° से. व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असता हे तापमान सु. २३° से. येते. चांगला कूलर त्या अंतराचा सु. तीनचतुर्थांश भाग गाठतो, म्हणजे त्यातून २८° ते ३०° से.ची हवा मिळते. खोली या तापमानाजवळ राहिल्यास मघाच्या उदाहरणातील ९८° से.वर जाणारे कार्ड ८४° से.च्या आसपास स्थिरावते. कार्डावर शे-दोनशे रुपयांचे दोन पंखे वाढविण्यापेक्षा हा लाभ कितीतरी मोठा आहे. पावसाळ्यात मात्र हा उपाय लंगडा पडतो. हवा ३२° से. व आर्द्रता ७५ टक्के असता ओल्या फुग्याचे तापमान सु. २८° से. असते व कूलरने जेमतेम तीन अंशांचा फरक पडतो. सुदैवाने त्या वेळी बाहेरची हवाच मे महिन्यापेक्षा बरीच थंड असते. [→ वातानुकूलन].

कूलर वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात. खोलीची समोरची खिडकी उघडी ठेवावी, अन्यथा आतील आर्द्रता वाढत जाऊन थंडावा नाहीसा होतो. संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. चालू कार्ड हवेपेक्षा गरम असल्याने त्यावर दव साचत नाही, हे खरे. परंतु झोताबरोबर उडणारे तुषार क्षारयुक्त असतात. ते सुकल्यावर पंखांवर व जोडांवर पांढरा थर राहतो. ओलाव्याने धूळ चिकटून तिचा पापुद्रा होतो, तो वेगळाच. वीज गेल्यावर संगणक बॅटरीवर चालू राहतो, पण कूलर बहुधा बंद पडतो. अशा वेळी कार्डावरील भार लगेच कमी करणे इष्ट होय. वातानुकूलन यंत्र असल्यास, ५०० वॉट खाणारा संगणक एक टन क्षमतेच्या (सु. ३·५ किलोवॉट) यंत्राच्या क्षमतेचा सातवा हिस्सा एकटाच व्यापतो, हे ध्यानात घ्यावे.

वर्धा जिल्हा कापसाचा आहे. हंगामात हवेत तरंगणारे कापसाचे तंतू व उन्हाळ्यातील धूळ ही पंखांच्या दाट फटींत अडकून हवेची वाट बंद करतात. म्हणून हवा आत घेणाऱ्या बाजूस बारीक जाळी लावावी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक राहील, अशा रीतीने पंखे मांडल्यास धूळ फटींतून न शिरता जाळीवरच अडते. जाळी आठवड्यातून एकदा व पंख दर दोन-तीन महिन्यांनी स्वच्छ करावेत. हवेच्या झोताने सफाई करताना पंखा हाताने धरून ठेवावा, नाहीतर तो अतिवेगाने फिरून त्याचे धारवे बिघडतात.

पेटीतील हवेचा प्रवाह : कार्ड व इतर भाग मिळून ५०० वॉट उष्णता निर्माण होत असेल व पेटीतील हवा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदास सु. ०·०४५ घ. मी. हवा पेटीतून जाणे आवश्यक असते. पुढून व खालून थंड हवा आत आणि मागून व वरून गरम हवा बाहेर, ही मांडणी सर्वसाधारणपणे योग्य ठरते. पेटी भिंतीला टेकवून किंवा मेजाच्या बंद कप्प्यात ठेवल्यास बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते. पंख्यांची संख्या वाढवूनही मग उपयोग होत नाही.

शक्तीचे नियंत्रण : उष्णता काढून टाकण्यापेक्षा ती निर्माण होऊ न देणे नेहमीच सोपे असते. निर्माते प्रत्येक चिप सुरक्षित चालावी म्हणून विद्युत् दाब थोडा अधिकच ठेवतात. बहुतेक चिपा त्याच कंप्रतेस त्याहून कमी दाबावर नीट चालतात. दाब १० टक्क्यांनी कमी करता आला, तर स्पंदांमुळे खर्च होणारी शक्ती सु. १९ टक्क्यांनी घटते व कंप्रता मात्र कायम राहते. कार्डाची एकूण शक्तिमर्यादा उतरविणे हा दुसरा मार्ग आहे. वरील उदाहरणात ३०० ऐवजी २४० वॉटची मर्यादा घातल्यास कूलर नसतानाही, मे महिन्याच्या दुपारी चिप सु. ८४° से.वर राहते. गणनगतीतील घट त्या मानाने बरीच कमी असते. म्हणून उष्ण प्रदेशात हिवाळ्यासाठी व उन्हाळ्यासाठी कार्डाची दोन वेगवेगळी नियोजने ठेवणे श्रेयस्कर होय.

वाढविलेल्या कंप्रतेची चाचणी नेहमी वर्षातील सर्वांत उष्ण दिवसांत, दुपारी व निदान तासभर पूर्ण भार देऊन घ्यावी. जानेवारीच्या रात्री निर्दोष ठरलेले नियोजन मे महिन्यात कोसळते, याचे कारण यंत्रातील दोष हे नसून भोवतालच्या हवेतील वीस-बावीस अंशांचा फरक हे असते. स्मृतीच्या बाबतीत अधिक सावधगिरी लागते. काही आधुनिक स्मृतिप्रकारांत चूक आढळली की, माहिती आपोआप पुन्हा पाठविली जाते. त्यामुळे कंप्रता वाढवूनही काम मंदावते व वरकरणी काहीच बिघडलेले दिसत नाही.

परिणाम : अतितापनाने कार्ड एकाएकी जळून जाण्याचे प्रसंग विरळ असतात, कारण ठराविक तापमानास ते स्वतःच बंद पडते. खरी हानी सावकाश होते. चिपेतील सूक्ष्म धातुमार्गांमधून जाणाऱ्या तीव्र विद्युत् प्रवाहामुळे धातूचे अणू हळूहळू स्थलांतर करतात. हा झिजेचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो, याचे समीकरण जे. आर. ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडले. स्थूलमानाने दर १० अंशांच्या वाढीमागे घटकाचे आयुर्मान जवळजवळ निम्मे होते, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. विद्युत् दाब वाढविल्याने त्यात आणखी भर पडते. म्हणून कार्डाचे वायुशीतन यशस्वी झाले की नाही, हे किती कंप्रता गाठली यावरून न ठरविता, खोलीतील सर्वांत उष्ण दिवशी चिप आपल्या मर्यादेपेक्षा किती अंश खाली राहिली, यावरून ठरविणे योग्य होय. सर्वसाधारण कामास कंप्रतेतील चार-पाच टक्क्यांच्या वाढीने मिळणारा लाभ क्वचितच जाणवतो. उन्हाळ्याच्या ऐन दुपारी न अडखळता चालणारे कार्ड मात्र त्यावर अवलंबून असणाऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे असते.